क्वालालंपूरमध्ये एक दिवस, सगळ्या घरासाठी

आपल्या भागात सहल म्हटली की नवेगावबांध, इटियाडोह धरण किंवा प्रतापगड ही नावे पुढे येतात. सकाळी गाडी निघते. ठिकाणावर पोहोचताच मुले पाण्याकडे धावतात, पुरुष मंडळी फेरफटका मारायला जातात आणि घरातली बाई झाडाखाली सतरंजी अंथरून डबे उघडायला बसते. घरात सासू असेल तर सामान राखण्याचे काम तिच्याकडे येते. जोहरची वेळ झाली की पुरुष जवळच्या गावातली मशीद शोधतात. बाईने वुजू कुठे करायचा, नमाज कुठे पढायची, हे कोणी विचारत नाही. सवयीने तीही विचारत नाही. घरी जाऊन कजा पढू, असे ती मनातल्या मनात ठरवते. संध्याकाळी परतताना सगळे म्हणतात, छान सहल झाली. त्या दिवशी तिने स्वतः काय पाहिले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो हिशेब मांडता यावा म्हणून हा लेख लिहिते आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण मलेशियाला गेलो होतो. मुलांचे अब्बा, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी, सहावीतला मुलगा, माझ्या सासूबाई म्हणजे आमच्या अम्मी, आणि मी. त्यातला एक पूर्ण दिवस आम्ही क्वालालंपूर शहर पाहण्यासाठी ठेवला होता. त्या एका दिवसाचीच हकीकत येथे सांगते. कोणाला आपल्या कुटुंबाला घेऊन जायचे असेल तर ती उपयोगी पडेल, आणि जायचे नसेल तरी आपल्या गावातल्या सहलीसाठी तिच्यातून काही घेता येईल.

निघण्यापूर्वी

चिचगडसारख्या गावातून परदेशी सहल म्हटल्यावर पहिला प्रश्न पैशांचा येतो. आमच्या शाळेतल्या शिक्षिकांची भिशी आहे. माझा क्रमांक लागला त्या रकमेत दोघांच्या पगारातून दोन वर्षे बाजूला टाकलेले पैसे मिळवले आणि तिकिटे काढली. मलेशियाचे चलन रिंगिट. एक रिंगिट साधारण वीस रुपयांचा धरून आम्ही हिशेब केला.

दुसरा प्रश्न नातेवाइकांचा. "इतक्या पैशात अम्मींचा उमरा झाला असता," असे दोघातिघांनी तोंडावर सांगितले. बोलणे वाईट हेतूचे नव्हते. त्यावर उत्तर अम्मींनीच दिले. "उमरे की नीयत तो है ही. पहले देखूँ तो सही, हवाई जहाज में मेरे घुटने क्या कहते हैं." कुरआनाने जमिनीवर फिरून डोळे उघडे ठेवून पाहण्याची शिकवण अनेक ठिकाणी दिली आहे. ती शिकवण फक्त तरुणांसाठी किंवा फक्त पुरुषांसाठी असल्याचे कोठे म्हटलेले नाही.

कागदपत्रांचे काम फारसे अवघड नाही. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टधारकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून निघण्यापूर्वी ती चालू आहे का हे तपासून घ्यावे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत. वयस्कर माणसासाठी विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असेल तर ती तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. पासपोर्टच्या अर्जावर अम्मींनी उर्दूत सही केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सकाळ : दोन नद्यांचा संगम

मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. हा देश विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर दिवस-रात्र जवळपास सारखीच. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जोहर सव्वाच्या आसपास होते आणि मगरिब सव्वासातच्या पुढेमागे. त्यामुळे दिवसाची आखणी नमाजच्या वेळांवर करणे सोपे जाते. आम्ही तशीच केली. सकाळी जुने शहर, जोहरला राष्ट्रीय मशीद, दुपारी संग्रहालय, आणि असरपासून रात्रीपर्यंत जगप्रसिद्ध जुळे मनोरे.

आमचे हॉटेल मस्जिद इंडियाच्या वस्तीत होते. खोलीच्या छतावर एक छोटा बाण चिकटवलेला होता. तो किब्ल्याची दिशा दाखवतो हे कळल्यावर मुलाने आधी मोबाइलवर ताडून पाहिले, मग मान्य केले. जवळची मस्जिद इंडिया भारतातून गेलेल्या मुस्लिमांनी १८६३ मध्ये उभारली. आजची इमारत नंतरची आहे. येथे जुम्याचा खुतबा तमिळ भाषेत होतो. तमिळ मुस्लिमांच्या खाणावळींना तिकडे 'मामक' म्हणतात, आणि हा शब्द तमिळमधल्या 'मामा' या नात्यावरून आला आहे. आमचा नाश्ता मामाच्याच हातचा झाला. तव्यावर हाताने झुलवून पातळ केलेली रोटी चनाई, सोबत डाळ, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस आणलेला दुधाचा चहा. रोटी दोन-अडीच रिंगिटला मिळाली. चहा ओतण्याचे ते काम पाहत अम्मी उभ्याच राहिल्या. डबा घरून आणलेला नव्हता, त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे होते. मी मुलीसोबत बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन आले.

तेथून मस्जिद जामेक जवळच आहे. क्वाला म्हणजे नदीचे मुख किंवा संगम, आणि लंपूर म्हणजे चिखल. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या जेथे मिळतात त्या चिखलाच्या संगमावर हे शहर वसले. १८५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे उठाव चालू होता त्याच वर्षी, ८७ चिनी खाणकामगार कथिल शोधण्यासाठी या नद्यांतून वर आले. त्यातले बहुतेक जण हिवतापाने दगावले. तरी नवी माणसे येत राहिली आणि शहर वाढत गेले. संगमावरची ही मशीद १९०९ मध्ये उघडली. तिचा आराखडा आर्थर हबॅक या इंग्रज वास्तुरचनाकाराने केला, आणि त्यासाठी त्याने नमुना घेतला तो उत्तर भारतातल्या मुघल इमारतींचा. लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती, तीन घुमट, कमानींच्या ओळी. मुलगी म्हणाली, "हे तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले चित्र वाटते." वाटणारच. १९६५ पर्यंत हीच शहराची मुख्य मशीद होती.

संगमापासून थोडे चालले की मरडेका चौक लागतो. ३१ ऑगस्ट १९५७ सुरू होताना मध्यरात्री येथे ब्रिटिशांचा झेंडा उतरवून मलायाचा झेंडा चढवला गेला. समोर सुलतान अब्दुल समद इमारत आहे. १८९७ मध्ये पूर्ण झालेली, घड्याळाचा मनोरा आणि तांब्याचे घुमट असलेली. ब्रिटिशांची सरकारी कचेरी होती ती. 'मरडेका' म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द संस्कृतातल्या 'महर्द्धिक' शब्दापासून आला असे भाषेचे अभ्यासक सांगतात. आपली मध्यरात्र १५ ऑगस्ट १९४७ ची, त्यांची दहा वर्षांनंतरची. मुलाला तारखा पाठ करायचा कंटाळा आहे, पण ही तारीख त्याला अजून आठवते, कारण ज्या जागी घडले त्या जागी उभे राहून त्याने ती ऐकली.

दुपार : मस्जिद नगारा

उकाडा वाढला होता, म्हणून राष्ट्रीय मशिदीपर्यंत टॅक्सी केली. मस्जिद नगारा २७ ऑगस्ट १९६५ रोजी खुली झाली. येथे पंधरा हजार माणसे एका वेळी नमाज पढू शकतात. मुख्य छत उघडलेल्या छत्रीसारखे, निळे, अठरा टोकांचे. तेरा टोके देशाच्या तेरा राज्यांची आणि पाच इस्लामच्या पाच अरकानांची. शेजारचा ७३ मीटर उंचीचा मनोरा मिटलेल्या छत्रीसारखा. रोज पाऊस पडणाऱ्या देशाने आपल्या मशिदीसाठी छत्री निवडावी, हे मुलांना फार आवडले. देशाचे पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांचे नाव या मशिदीला द्यावे असा प्रस्ताव होता. त्यांनी तो नाकारला. स्वातंत्र्य शांततेने मिळाले त्याबद्दलचा हा शुक्र आहे, तेव्हा मशीद सगळ्या देशाच्या नावाने असावी, असे ठरले.

बायकांचा वुजूखाना वेगळा आहे आणि नमाजची जागाही. वुजूसाठी बसायला ओटे असल्याने गुडघे दुखणाऱ्या बाईला वाकावे लागत नाही. नमाजच्या जागेजवळ 'तलकुंग' टांगलेले असतात. डोक्यापासून पायापर्यंत येणारा हा पांढरा, सैल पोशाख तिकडच्या बायका नमाजपुरता कपड्यांवरून घालतात. ज्या बाईने आणला नसेल ती तेथला घेते आणि नंतर परत टांगून ठेवते. ऑफिसातून आलेल्या मुली, कडेवर मूल घेतलेल्या आया, आमच्यासारख्या मुसाफिर, सगळ्या एका सफेत उभ्या राहिल्या. स्थानिक इमामामागे मुसाफिरही पूर्ण नमाज पढतो, म्हणून आम्ही चार रकअत पढलो.

शेजारच्या बायका रुकूला जाताना आणि रुकूतून उठताना हात उचलत होत्या. मुलीने बाहेर आल्यावर कारण विचारले. मलेशियाचे मुस्लिम बहुतेक शाफई मसलकाचे आहेत. आपल्या कोकणातले मुस्लिमही बहुसंख्येने शाफईच. दोन्हीकडे अरबी समुद्री व्यापाऱ्यांची ये-जा जुनी. असरची वेळही शाफईंकडे हनफींपेक्षा लवकर सुरू होते. आपल्या घरात जशी नमाज पढतात तेवढीच एक पद्धत नाही, ही गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलीला पुस्तकातून समजावण्यापेक्षा एका सफेत उभे राहून जास्त लवकर समजते.

अम्मींचे वय सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मशिदीत जमातीने नमाज पढली. सलाम फेरल्यावर त्या बराच वेळ तेथेच बसून राहिल्या. कोणी त्यांना उठवले नाही. कोणाला घाईही नव्हती.

अम्मींचे वाचन

खरी गंमत बाहेर पडताना झाली. मशिदीच्या नावाची पाटी दोन लिप्यांत होती. एक आपण ज्याला इंग्रजी अक्षरे म्हणतो ती, आणि दुसरी 'जावी'. मलय भाषा आज जास्त करून रोमन अक्षरांत लिहिली जाते, पण शेकडो वर्षे ती अरबी अक्षरांवरून घडवलेल्या जावी लिपीत लिहिली जात होती. मशिदी, सरकारी इमारती आणि पुष्कळ रस्त्यांच्या पाट्यांवर ती आजही दिसते.

अम्मी पाटीसमोर थांबल्या आणि अक्षर लावू लागल्या. "मस्जिद" लगेच वाचले. पुढे नून वाचला आणि अडल्या. "काफ के ऊपर ये नुक्ता कैसा?" मी सांगितले की आपण गाफवर जास्तीची रेघ देतो, हे लोक नुक्ता देतात. तसेच 'प'साठी आपण बेखाली तीन नुक्ते देतो, तर हे फेवर तीन देतात. अम्मींनी पुन्हा सुरुवातीपासून वाचले. "मस्जिद... नगारा." मलय भाषेत नगारा म्हणजे देश. मूळ शब्द आपलाच, संस्कृतातला 'नगर'. पहिला शब्द अरबीतून आलेला, दुसरा संस्कृतातून. वर्गात मी सकाळी मराठी आणि दुपारी उर्दू शिकवते. या पाटीवर दोन्ही तास एकत्र भरले होते.

त्यानंतर अम्मी थांबल्याच नाहीत. टॅक्सीच्या खिडकीतून दिसेल ती पाटी वाचू लागल्या. थोड्या वेळाने गंभीरपणे म्हणाल्या, "ये जालन साहब कौन थे? हर जगह इनका नाम लगा है." जालन म्हणजे रस्ता! टॅक्सीवाल्याला आम्ही खुणांनी सांगितले, तेव्हा तोही खूप हसला.

हसून झाल्यावर मला गप्प बसावेसे वाटले. अम्मी लहानपणी तीन वर्षे मकतबात गेल्या. कुरआन वाचतात, उर्दू सावकाश पण समजून वाचतात, चार ओळींचे पत्र लिहितात. पण आमच्या भागातल्या पाट्या मराठीत आणि इंग्रजीत. देवरीच्या बसवर काय लिहिले आहे, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, हे त्या दुसऱ्याला विचारतात. एका कार्यालयात त्यांच्याकडे नुसते पाहूनच शाईची पॅड पुढे सरकवली गेली होती. सही येते का, हे विचारलेही नाही. आपल्या जनगणनेच्या व्याख्येनुसार कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी, सात वर्षांवरील व्यक्ती साक्षर असते. या व्याख्येने अम्मी साक्षर आहेत आणि नेहमीच होत्या. पण स्वतः पाटी वाचून रस्ता ओळखण्याचा प्रसंग त्यांना घरापासून हजारो किलोमीटरवर आला. अशा किती अम्मी आपल्या घरांत असतील, ज्यांना आपण 'शिकलेल्या नाहीत' असे सहज म्हणून जातो?

त्या दिवसापासून मुलांनी आणि दादीने शब्दांचा खेळ सुरू केला. मलय भाषेत खुर्ची म्हणजे 'करूसी', साबण म्हणजे 'साबुन', किल्ली म्हणजे 'कुंची', वेळ म्हणजे 'वक्तू', वय म्हणजे 'उमूर'. गुरू म्हणजे गुरूच. भाषा म्हणजे 'बहासा'. ग्रंथालय म्हणजे 'परपुस्ताकाआन', आणि त्याच्या पोटात पुस्तक स्पष्ट दिसते. नवऱ्याला 'सुआमी' आणि बायकोला 'इस्तरी' म्हणतात हे कळल्यावर मुलांच्या अब्बांनी दिवसभर स्वामींचा रुबाब केला. मलय भाषेच्या विकासासाठी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचे नाव आहे 'दीवान बहासा दान पुस्ताका'. यातला 'दान' म्हणजे 'आणि'. दीवान फारसीतून आलेला, भाषा आणि पुस्तक संस्कृतातून. आणि भेटल्यावर 'कसे आहात?' हे विचारायचे ते "आपा खबर?" असे. याचे भाषांतर अम्मींना करून द्यावे लागले नाही.

संग्रहालय आणि भात

राष्ट्रीय मशिदीपासून थोड्या अंतरावर इस्लामी कला संग्रहालय आहे. १९९८ मध्ये उघडलेले. तिकीट आहे, पण आत वातानुकूलन असल्याने भर दुपारी म्हातारी माणसे आणि मुले यांच्यासाठी ही जागा उत्तम. जगातल्या प्रसिद्ध मशिदींच्या लहान प्रतिकृती एका दालनात मांडल्या आहेत. भारत, चीन आणि मलय जगत यांची स्वतंत्र दालने आहेत. चिनी वळणाच्या लिखाईतले कुरआन पाहून मुलगा म्हणाला, "चीनमध्येही?" अशा प्रश्नांसाठीच मुलांना संग्रहालयात न्यायचे असते. बाकी सगळे लक्षात राहिले नाही तरी चालते.

दुपारचे जेवण साध्या खाणावळीत झाले. 'नासी' म्हणजे भात. धानाच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसांची भाताने सोय झाली. काउंटरवर मांडलेल्या भाज्या, मासे, कोंबडी यांतून हवे ते ताटात घ्यायचे आणि त्याप्रमाणे पैसे द्यायचे. नारळाच्या दुधात शिजवलेला 'नासी लमक' हा भात सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी आणि अंडे यांच्यासोबत देतात. तिखटाची चटणी आधी बोटावर घेऊन पाहावी. हलालची चिंता बहुतेक ठिकाणी नाही, तरी शहरात चिनी लोकवस्तीही मोठी आहे, म्हणून दारावरचे हलालचे सरकारी चिन्ह पाहूनच आत जावे.

संध्याकाळ : जुळे मनोरे

पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. ती दुपारी बहुधा येतेच, छत्री जवळ ठेवावी. पसार सनी स्टेशनवरून आम्ही रेल्वे पकडली. या मार्गावरची गाडी चालकाविना धावते, त्यामुळे सर्वांत पुढच्या काचेजवळ उभे राहून समोरचा रूळ पाहता येतो. मुलाने ती जागा मिळवली आणि नंतर दादीला दिली. चौथ्या स्टेशनवर उतरलो की जुळे मनोरे.

पेट्रोनास मनोरे ८८ मजल्यांचे, सुमारे ४५२ मीटर उंच. १९९८ पासून २००४ पर्यंत ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. एक्केचाळीस आणि बेचाळीसाव्या मजल्यांवर दोन मनोऱ्यांना जोडणारा पूल आहे. आराखडा सेझार पेली यांचा. एका चौरसावर दुसरा चौरस तिरपा ठेवला की आठ टोकांचा तारा तयार होतो. इस्लामी नक्षीतली ही जुनी आकृती या मनोऱ्यांच्या तळाचा पाया आहे. मुलीने वहीत पट्टीने तो तारा काढून पाहिला. वर जाण्याचे तिकीट महाग वाटले, म्हणून आम्ही खालूनच पाहिले. आता शहरात याहून उंच, ११८ मजल्यांची मरडेका ११८ ही इमारत उभी राहिली आहे. ६७८.९ मीटर उंचीची ही इमारत बुर्ज खलिफानंतर जगात दुसरी.

मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या बाजारपेठेतच 'सुराव' आहे. सुराव म्हणजे लहान नमाजघर. मॉल, स्टेशन, पेट्रोलपंप, विमानतळ, सगळीकडे ते असते. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. असर तेथे कसर करून दोन रकअत पढलो. पाच मिनिटांत काम झाले. पिशव्या सांभाळायला मुलांचे अब्बा बाहेर थांबले होते. हे वाक्य मुद्दाम लिहिते आहे.

बाहेर पन्नास एकरांची बाग आहे, मुलांना खेळायला उथळ पाण्याचा तलाव आहे, आणि हे सारे फुकट आहे. बागेच्या कडेलाच मशीद असल्याने मगरिबही वेळेवर झाली. अंधार पडल्यावर तळ्यातली कारंजी दिव्यांसह नाचू लागली. अम्मी पहिल्या ओळीत बसल्या होत्या. सामान राखायला झाडाखाली कोणीच बसले नव्हते.

घरी आल्यावर

मलेशियात सगळे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. एका दिवसाच्या पाहुण्याने तसा निकाल देऊही नये. तो श्रीमंत देश आहे, आपल्या गावांशी त्याची तुलनाही बरोबर नाही. पण त्या दिवशी आमची अम्मी फिरू शकली ती तीन गोष्टींमुळे. बसून करता येणारा वुजू, बायकांना नमाजची जागा आणि स्वच्छ संडास. यातल्या एकाही गोष्टीला ४५२ मीटर उंच इमारत लागत नाही.

बायकांच्या मशिदीतल्या प्रवेशाबद्दल आपल्याकडे मतभेद आहेत. २०१९ मध्ये पुण्याच्या एका दांपत्याने याबाबत सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की बायकांना मशिदीत जाऊन नमाज पढण्याची परवानगी आहे. रोजच्या नमाजचा प्रश्न प्रत्येक वस्तीने आपल्या उलेमांशी बोलून सोडवावा. मी फक्त मुसाफिर बाईबद्दल बोलते आहे. महामार्गावरची किंवा बसस्थानकाजवळची मशीद घ्या. तिच्या आवारात एक खोली, एक नळ, एक ओटा, एक पडदा आणि एक संडास. दवाखान्यात नातेवाइकाला घेऊन आलेली, परीक्षेला आलेली, बाजाराला आलेली बाई तेथे दहा मिनिटे थांबू शकेल. मशिदीच्या कमिटीत बसणाऱ्या आपल्या भावांनी आणि वडिलांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढावा, एवढी विनंती. खर्चाचा वाटा उचलायला आमच्या भिशीसारख्या भिश्या गावोगाव आहेत.

घरापुरते काही नियम आजच करता येतात. सहलीच्या दिवशी डबा न्यायचाच असेल तर तो उघडण्याचे आणि आवरण्याचे काम वाटून घ्यावे. सामानाजवळ पाळीपाळीने बसावे. दिवसाची आखणी नमाजच्या वेळा धरून करावी आणि बायकांच्या वुजूची सोय आधी विचारून ठेवावी. वयस्कर माणसाच्या चालीने चालावे, तरुणांना पुढे पळायला जागा भरपूर असते.

आणि ज्या घरात उर्दू वाचणारी दादी-नानी आहे, तिच्याकडून नातवंडांनी रोज दहा मिनिटे वाचून घ्यावे, आणि तिला बसवरची देवनागरी पाटी वाचायला शिकवावे. शाळेच्या पालक सभेत मी आता प्रत्येक आईला सांगते की उर्दूत सही येत असेल तर उर्दूत करा. शाईच्या पॅडला हात लावू नका. अम्मींनीही देवनागरीचा सराव सुरू केला आहे. उमऱ्याचा अर्ज स्वतः वाचून भरायचा, असे त्यांनी ठरवले आहे. गुडघ्यांचे म्हणणे काय, ते त्यांना आता कळले आहे. इन्शाअल्लाह, तोही प्रवास होईल.